अजून कच्चा आहे

पहाटे अडीचला अदिशीतून निघाले तेव्हा
गावातल्या कुत्र्यानं भुंकायचाही कंटाळा केला.
लामारा पुढे, गेगी मागे.
पाठीवर स्की, बुटांना लोखंडी काटे,
आणि कॉकेशसमधला मे महिना इतका कडक
की पावलागणिक
बरणीचं घट्ट झाकण फिरवल्याचा आवाज.

नाळ सातशे मीटर.
खालून पाहिली तर डोंगराच्या पोटातून निघालेली,
कुणी कापायची राहून गेलेली.
वरून पाहिली तर...
वरून गेगीनं लगेच पाहिली नाही.

खिंडीत पोचले तेव्हा आठ.
ऊन समोरच्या भिंतीवर, या उतारावर नाही.
आत्यानं काठी बर्फात टोचली.
"अजून कच्चा आहे."

मग तिनं कुबदारी काढली,
अर्धी मोडून त्याला दिली
आणि भूगोलाच्या तासाला बसावं तशी बसली.
तीस वर्षं ती हेच शिकवतेय: उतार, ऊन, वेळ.
पोरं राजधान्या पाठ करतात
आणि बसनं निघून जातात.

साडेआठ. काठी. कच्चा.
नऊ. काठी. कच्चा.
"आत्ताच उतरलो तर काय होईल?"
"घसरशील. थेट तळापर्यंत."
"आणि अकराला?"
"तेव्हा तू नाही घसरणार. डोंगर घसरेल."
हे बोलताना ती डाव्या कड्याकडे पाहत होती,
जिथं तिच्या भावाची टोपी सापडली होती,
गेगीच्या बापाची,
साडेअकराला निघालेल्या माणसाची.
त्यावर दोघं बोलले नाहीत.
कुबदारीत मीठ जास्त पडलं होतं,
त्यावर बोलले.

दहाला वरचा थर सुटला.
नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखा:
चिमटीत दाबला की दाणा मोडतो,
पण एकमेकांना चिकटत नाही.
"चल."

आणि गेगीचे गुडघे ऐकेनात.
बावीस वर्षांचे गुडघे!
पन्नास अंश हा आकडा वहीत केवढासा असतो.
इथं उभं राहिलं
तर वरच्या बाजूचा बर्फ कोपराला टेकतो
आणि खालच्या बाजूला
काहीच नाही.

लामारानं समजूत घातली नाही.
उताराला आडवी उभी राहून ती खरवडत निघाली,
खर्र, खर्र,
दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तशी,
वळण नाही, ऐट नाही,
सकाळभर वाट पाहिलेला बर्फ बिनदिक्कत नासवत.
वीस मीटरवर थांबली. काठी आपटली.
इथपर्यंत ये.

गेगीनं उडी मारली.
हवेत, पाव सेकंद,
त्याला कशाचंच वजन नव्हतं, टोपीचंही.
मग कडा बर्फात रुतल्या, धरल्या,
आणि सुटलेले दाणे सळसळत
त्याच्या आधी खाली गेले.

दुसरी. पाचवी. नववी.
पुढं मोजायचं राहिलं.
मधल्या चिंचोळ्या भागात नाळ
स्कीपेक्षा हातभरच रुंद;
तिथं तोही खरवडत उतरला, न लाजता.
डावा कडा मागं पडला
हे त्याला तळाशी आल्यावर कळलं.

तळाशी जुन्या हिमपाताची मातकट ढेकळं,
आत बर्चच्या मोडक्या फांद्या.
बर्फ संपतो तिथं, पिवळ्या गवतात,
आत्या बूट काढून बसलेली.
टाचेला फोड. अकराला पाच कमी.
वर नाळेत कुठेतरी
दिवसातला पहिला दगड सुटला.
दोघांनी वर पाहिलं,
आवाज विरेपर्यंत.

मग ती मोजे पिळत म्हणाली,
जोकियाचे बैल बाराला येतील,
बटाटे लावायचेत,
आणि बियाणं तू काल रात्रीच कापून ठेवणार होतास.

त्यानं ठेवलं नव्हतं.